प्रतिसाद: डायरेक्ट मॉडेलिंग नवशिक्यांसाठी नाही

वर एकांनी लिहिलंय की कॅडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी डिझाइनमध्ये) डायरेक्ट मॉडेलिंग, म्हणजे मॉडेलचे पृष्ठभाग थेट सरकवून आकार बदलणं, नवशिक्यांसाठी; खरं डिझाइन हिस्टरी ट्रीवरच, म्हणजे मॉडेल कुठल्या पायऱ्यांनी बनलं त्या यादीवरच, होतं. मला हे अजिबात पटत नाही. साकीनाक्याला आमच्या टूलरूममध्ये गिऱ्हाइकाची फाइल बहुतेक वेळा स्टेप फॉरमॅटमध्ये येते (वेगवेगळ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा फॉरमॅट). त्यात फेस (पृष्ठभाग), कडा आणि त्यांची जोडणी एवढंच असतं. कुठलं फीचर (भोक, रिब असा एकेक घटक) आधी, कुठलं नंतर, याचा मागमूस नसतो. प्लास्टिकच्या पार्टवर बाहेरून सिंक मार्क (खळगा) दिसतोय म्हणून आतली रिब (मजबुतीची पातळ पट्टी) १.५ वरून १.२ मिमी जाडीची करायची, तर ट्री आणायची कुठून? रिबचा फेस निवडायचा, ०.३ आत सरकवायचा. शेजारचे फेस वाढवून किंवा छाटून सॉफ्टवेअर सॉलिड पुन्हा बंद करतं, ड्राफ्टचा (पार्ट साच्यातून सुटावा म्हणून दिलेल्या उताराचा) कोनही तसाच राहतो.

अडतं ते फिलेटपाशी, म्हणजे कोपऱ्याला दिलेल्या गोलाईपाशी. रिबच्या बुडाचा फिलेट सॉफ्टवेअरने ओळखला तर फेसबरोबर सरकतो. नाही ओळखला तर आधी तो काढा, फेस हलवा, मग त्याच त्रिज्येचा नवा द्या. हे बघायला नजर लागते, नवशिक्याला ते पटकन जमत नाही.

एकाच पार्टचे दहा साइज काढायचे असतील तर पॅरामेट्रिकच (मापं बदलली की ट्रीवरून आकार बदलणारं मॉडेलिंग) हवं, तिथे वादच नाही. पण 'हे किंवा ते' असं आता राहिलंय कुठे? सीमेन्सने २००८ मध्येच दोन्ही पद्धती एकत्र आणणारी सिंक्रोनस टेक्नॉलॉजी आणली. क्रिओ या कॅड सॉफ्टवेअरच्या फ्लेक्सिबल मॉडेलिंगमध्ये तर फेस हलवल्याची नोंदही ट्रीमध्येच होते.