विषय: ॲबर्डीनची बोली आणि शाळकरी मुलं

नमस्कार मंडळी,
आम्ही नुकतेच ग्लासगोहून ॲबर्डीनला आलोय. तिकडचं 'वेन' म्हणजे लेकरू, 'मेसेजेस' म्हणजे वाणसामान, हे अंगवळणी पडलं होतं. इथे शेजारच्या आजी 'फिट लाइक?' विचारतात आणि मी नुसती हसते. मुलगा शाळेतून 'लून', 'क्वाइन' उचलून आलाय. इंग्रजी बिघडेल म्हणून टोकावं का त्याला?

---

ताई, अजिबात टोकू नका. बिघडलेलं इंग्रजी नाही ते. स्कॉट्स भाषेची स्कॉटलंडच्या ईशान्येकडची बोली आहे, डॉरिक. इंग्रजी 'व्हॉट'चं इथे 'फिट', 'व्हेअर'चं 'फार', 'व्हेन'चं 'फॅन'. एवढा 'फ' कानात बसला की निम्मं कळायला लागतं. आजी 'कशी आहेस?' एवढंच विचारतायत. 'नॉट बॅड' म्हटलंत तरी खूश होतील. 'लून' म्हणजे मुलगा, 'क्वाइन' मुलगी. फक्त या भागाबाहेर 'लून' म्हटलं तर लोक वेडगळ असा अर्थ घेतील, ते त्याला सांगून ठेवा.

इथल्या कितीतरी आजी-आजोबांनी याच शब्दांपायी शाळेत मार खाल्लाय. 2022च्या जनगणनेत 15 लाखांवर लोकांनी स्कॉट्स बोलता येतं असं नोंदवलं, आणि 2025च्या कायद्याने तिला अधिकृत दर्जा मिळाला. मग आपणच घरात तिला गावंढळ का ठरवायचं?
– ॲबर्डीनहून, एक काका

---

काकांशी पूर्ण सहमत. एडिंबरातून थोडी भर. इकडे 'वेन' नाही, 'बेर्न' म्हणतात. ग्लासगोत 'क्लोस' म्हणजे जुन्या दगडी इमारतीचा सामायिक प्रवेश नि जिना. आमच्याकडे त्याला 'स्टेअर' म्हणतात आणि 'क्लोस' म्हणजे रॉयल माइल या जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावरून आत शिरणारा बोळ. कार्यक्रमाचा पत्ता कळवताना कृपया हे लक्षात ठेवा, पाहुणे भलतीकडे जातात! चिप्सवरही तेच. इथे 'सॉल्ट अँड सॉस' मागायचा, तो पातळ तपकिरी सॉस. ग्लासगोवाल्यांना मीठ-व्हिनेगरच हवं.

मुलाला मात्र बोलू दे, ताई. आपण मोठ्यांनी तो हेल मुद्दाम काढू नये, नक्कल वाटते. मुलांचं तसं नसतं, ती मैदानावर मित्रांकडून शिकतात. आणि ग्लासगोची सवय असेल तर तो 'का?' अशा अर्थी 'हाउ?' विचारत असेल, तेही राहू द्या.
– एडिंबराहून, मावशी