'रेतन', 'फळणं' आणि 'संकर' यांत फरक काय?

उदगीर : देवणी जातीच्या गायीला देवणी वळूचीच कांडी (गोठवलेल्या रेताची बारीक नळी) भरली, तरी होणाऱ्या वासराला बाजारात सर्रास 'संकरित' म्हणतात. हे बरोबर आहे का?

कंधार : चूक आहे, आणि जातीच्या मुळावर येणारी चूक आहे. संकर म्हणजे दोन जातींचा मेळ, उदाहरणार्थ देवणी गाय आणि जर्सी वळू. रेतन म्हणजे रेत मादीच्या जननमार्गात सोडण्याची क्रिया. रेत कोणत्या जातीचं, ते या शब्दात येतच नाही. लाल कंधारीला लाल कंधारीचीच कांडी भरली तर ती शुद्ध पैदास. म्हणून नोंदवहीत नुसतं 'कृत्रिम रेतन' लिहून भागत नाही. कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक आणि जात उतरवून घ्या.

उदगीर : आणि 'फळली'?

परभणी : काही गावांत 'फळली' म्हणजे वळू लागला, काही ठिकाणी थेट गाभणच. लिहिताना 'भरवली' आणि 'गाभण' वेगळे ठेवावेत. भरवल्यावर २१ दिवसांच्या आसपास पुन्हा माज दाखवला तर 'उलटली', म्हणजे गर्भ राहिला नाही. गाभण हा शब्द तपासणीनंतरच.

उलटण्यामागं बऱ्याचदा वेळ चुकलेली असते. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसरं कारण कांडीची हाताळणी. पाव मिलीची कांडी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असते. ती ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद ठेवून वितळवायची, मग कोरडी पुसायची. पाण्याचा थेंब रेतात गेला तरी शुक्राणू मरतात. हातावर चोळून वितळवणं तर नकोच.

उदगीर : एखाद्या वळूच्या कालवडीला त्याचीच कांडी भरली तर?

कंधार : ते अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास. बाप-लेकीच्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के, म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती त्या वळूच्या एकाच प्रतीच्या नकला असण्याची शक्यता चारात एक. दडलेले दोष वर येतात, गाभण राहणं घटतं. वळूच्या लेकी माजावर यायच्या आत गावातला वळू बदला. कांडी वापरत असाल तर दुसऱ्या क्रमांकाच्या वळूची घ्या. देवणीसारख्या मोजक्या वळूंवर चालणाऱ्या जातीत हे फार जपावं लागतं.

परभणी : माळढोकाच्या बातम्यांतही हाच घोळ दिसतो. जैसलमेरकडे २०१९ पासून रानातली अंडी उचलून यंत्रात उबवली गेली. ती कृत्रिम उबवण. रेतनातून पहिलं पिल्लू आलं ऑक्टोबर २०२४ मध्ये, सुदासरीच्या माळढोक प्रजनन केंद्रात, सुमारे २०० किलोमीटरवरच्या रामदेवऱ्यातल्या नराचं रेत आणून. दोन्हींना 'कृत्रिम प्रजनन' म्हटलं की नेमकं काय साधलं तेच कळत नाही.