ढेकणांचे किस्से आणि उपाय सांगा (सोलापूरकर खास करून)

पेठेतली_सून
धाकटी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं सुट्टीला आली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दंडावर ओळीनं लाल गांधी. मी डास म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "डास असा रांगेत चावत नाही गं, ढेकूण आहे." आणि बॅगेची शिवण उलटी करून काळे ठिपके दाखवले.

मला एकदम साखर पेठेतलं माहेर आठवलं. मे महिन्यात अख्ख्या गल्लीत खाटा आपटायचा कार्यक्रम. एक बाजू उचलायची, फरशीवर दाणकन आपटायची, ढेकूण पडले की आम्ही पोरं चपला घेऊन तयारच. मग सांध्यांत उकळतं पाणी. आजी खाटेच्या पायांखाली रॉकेल-पाण्याच्या वाट्या ठेवायची. रेशनचं रॉकेल स्टोव्हला कमी, ढेकणांना जास्त. आणि चिरडल्यावर तो वास! अजून नाकात आहे.

तुमच्याकडं काय चाललं, काय नाही, लिहा. जाहिराती नकोत.

मागवाला
खाली माग, वर आम्ही नऊ जण. भिंतीवर तांबडे फराटे म्हणजे आमच्या घरचं रंगकाम 😂

कडक_भाकरी
थेटरातल्या खुर्च्या विसरलात काय? इंटरव्हलनंतर सगळं पब्लिक पाय वर घेऊन बसायचं. घरी आलो की आई दारातच कपडे काढायला लावायची.

जुळे_सोलापूर
फवारणी एकदा केली की संपलं असं समजू नका. औषधानं अंडी सगळी मरत नाहीत, आठ-दहा दिवसांत फुटतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा हात मारावाच लागतो, आमच्याकडं तर तिसराही लागला. आधी आम्ही घर बंद करून दिवाळीला गावी गेलो, उपाशी मरतील म्हणून. कसलं काय! मोठा ढेकूण महिनोन् महिने न खाता काढतो. आलो त्या रात्रीच स्वागत झालं.

विजापूर_रोड
इतकं ऊन आहे आपल्याकडं, गाद्या गच्चीवर टाका, विषय संपला.

जुळे_सोलापूर
नाही संपत. वरून तापलं की ते खालच्या बाजूला सरकतात. पन्नास अंशांच्या आसपास उष्णता आतपर्यंत पोचून टिकली तर मरतात. जाड गादीच्या मधोमध एवढं तापत नाही. कपडे मात्र काळ्या पिशवीत सैलसर भरून मे महिन्यात पत्र्यावर ठेवा, दुपारभर. नाहीतर सरळ गरम पाण्यात धुवा.

कडक_भाकरी
कुठल्या पाण्यात बे? आमच्याकडं नळ चार दिवसाआड.

होटगी_रोडवाली
आज येणार होतं ना? मी कालपासून पिंप मोकळं करून बसलेय.

कडक_भाकरी
पहाटे येऊन गेलं की. झोपलाव काय?

होटगी_रोडवाली
😭😭

गोळ्या_औषधं
मेडिकलमध्ये काम करते म्हणून कळकळीनं सांगते. धान्यात घालायच्या त्या सल्फासच्या गोळ्या खोलीत टाकून दार लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दमट हवेतसुद्धा त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. खिडकीतून, फटीतून शेजारच्या घरात जातो. ढेकूण मारायच्या नादात माणसं गेल्याच्या बातम्या पेपरात येऊन गेल्यात. रॉकेलही नको आता, ठिणगी पडली की गादी पेटते.

मागवाला
ताई बरोबर बोलल्या. आमच्या गल्लीत एकानं आणलेल्या, म्हाताऱ्यांनी ओरडून फेकायला लावल्या.

गिरणगाव_आजोबा
आमच्या चाळीत डीडीटी मारायला माणसं यायची. भिंती पांढऱ्या. पहिल्यांदा ढेकूण पटापट पडले, पुढं पुढं त्याच पावडरीवरून चालत जायला लागले. हल्लीच्या स्प्रेचंही तेच होतंय. चाळ पडली, तिथं आता काय काय झालंय, ओळखू येत नाही. भोंगा मात्र अजून कानात आहे.

पेठेतली_सून
काका, कुठल्या गिरणीत होतात? आमचे आजोबा जुन्या मिलला.

गिरणगाव_आजोबा
लक्ष्मी-विष्णू. साचा खातं, म्हणजे विणकाम.

निगडीचा_पाला
निगडी, कडुनिंब, वेखंड, कापूर सगळं करून झालं. घराला देवघराचा वास आला, ढेकूण जागच्या जागी. शेवटी सुताराकडून पलंगाच्या फटींत लांबी (पुट्टी) भरून घेतली, रंग मारला, पलंग भिंतीपासून हातभर ओढला. लपायला जागाच नाही राहिली. मग फवारणी लागू पडली.

होटगी_रोडवाली
आमच्याकडं सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात. गेल्या खेपेला जाऊबाईंना चावले, पण कोणाच्या वळकटीतून आले हे कोणी कोणाला विचारलं नाही. अजून दोघी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलतो. वास्तविक अस्वच्छतेशी ढेकणांचा काही संबंध नाही, लख्ख घरातही होतात.

नवीन_आई
उद्या फवारणीवाला येणारे. घरात सहा महिन्यांचं बाळ. किती वेळ बाहेर राहू?

गोळ्या_औषधं
औषधाचं नाव विचारून घ्या, डब्यावर लिहिलेलं पाळा. अर्धा दिवस तरी आजोळी जा. आल्यावर खिडक्या उघडून पंखे लावा, फरशी कोरडी झाल्याशिवाय रांगायला सोडू नका. पाळण्यावर फवारू देऊ नका, त्याच्या फटी उकळत्या पाण्यानं धुवा. घरात मासे असतील तर टाकी शेजारी द्या, या औषधांनी मासे आधी मरतात.

नवीन_आई
मासे नाहीत. कासव आहे, तेपण देते.