सुकतीला (ओहोटीला) काय काय दिसलं? कोकण किनाऱ्यावरचे पक्षी-अनुभव

घट उठले, भातं कापणीला आली, किनाऱ्यावर उत्तरेचे पाहुणे उतरू लागले. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात (मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत) याद्या भरपूर येतीलच. इथे याद्या नकोत. खाडी, खाजण (भरतीचं पाणी शिरतं ती खारी दलदल), पुळण (वाळूचा किनारा), जिथे गेलात तिथलं पाहिलेलं लिहा. घरट्याची नेमकी जागा मात्र लिहू नका.

सुरुवात मीच करतो.

आक्षी, अलिबाग
जंगलाच्या सवयीने लोक इथेही उजाडता उजाडता पोचतात आणि ‘काहीच नाही’ म्हणून परततात. किनाऱ्यावर घड्याळ चालत नाही, तिथी चालते. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पूर्ण सुकतीला पक्षी पार पाण्याच्या कडेला, दुर्बिणीतही ठिपकेच. पाणी चढू लागलं की तेच मागे सरत तुमच्याकडे येतात. म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास साडेआठ ते साडेदहा उत्तम. आपण फक्त बसून राहायचं, चालत सुटायचं नाही.

असाच बसलो असताना एक छोटा चिखल्या अगदी पुढ्यात आला. धावला, थबकला, मान तिरकी केली आणि वाळूतला किडा चोचीत धरला. किडा ताणला गेला, सुटेना. पठ्ठ्या दोन पावलं मागे सरकला, पुन्हा ओढला, आणि सुटल्यावर स्वतःच धडपडला. फोटो नाही, हसत होतो.

हर्णै
काका, आमच्याकडे तिथीइतकाच मासळीचा लिलाव महत्त्वाचा! होड्या आल्या की कुरव (सीगल) आणि ब्राह्मणी घारी हजर. तपकिरी डोक्याचे कुरव हिवाळ्यात पांढऱ्या डोक्याचे असतात, डोळ्यामागे फक्त काळा ठिपका. काळ्या डोक्याच्या कुरवाचंही तेच, त्यामुळे डोक्याचा नाद सोडा. पंखाचं टोक बघा: काळ्यात पांढरे डाग असले तर तपकिरी डोक्याचा. नवीन माणसाला माझा एवढाच सल्ला. वासाची सवय आपोआप होते.

मंडणगड
वेळास म्हटलं की सगळे कासवं विचारतात. पण २००२ मध्ये तिथे कासवांची अंडी सापडली ती समुद्रगरुडाचा अभ्यास करायला गेलेल्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांना, हे फार जणांना माहीत नसतं. हा गरुड उंच झाडावरचं जुनंच घरटं दरवर्षी डागडुजी करून वापरतो. खाली समुद्रसापांचे सांगाडे पडलेले असतात. ते दिसले की वर बघत उभं राहू नये, लांब जावं. ऑक्टोबरपासून त्यांची वीण सुरू होते.

आचरा
मी काकीबरोबर कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला गेले होते, पक्षी बघायला नव्हे. तिवरांच्या (खारफुटीच्या) कडेला राखाडी समुद्रबगळा उभा, शेजारी एक पांढराशुभ्र. मी म्हटलं, दोन जाती. नंतर समजलं, एकच जात, रंग दोन. राखाडी एक पंख अर्धा उघडून पाण्यावर सावली धरत होता. काकी कोयत्याने खडक ठोकत होती तरी हलला नाही, मी मोबाइल काढला तेव्हा मात्र ती ओरडली, “गप ऱ्हव, तो मासो बघता!”

रत्नागिरी
किनाऱ्याइतकंच सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) लक्ष ठेवा. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात अमूर ससाणे इथून जातात. पूर्व आशियातून निघून, ईशान्य भारतात थांबून, पुढे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत. चतुरांचे थवेही त्याच सुमारास असतात आणि ससाणे ते उडता उडता पायात पकडून खातात. आमच्या सड्यावर एकदा ढगाळ दुपारी थवा दिसला, चहा थंड झाला.

गुहागर
दिवाळीच्या सुट्टीत पुळणीवर गाड्या आणि कुत्री. वाळूवर टेकलेले चिखल्ये दर पाच मिनिटांनी उठवले जातात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला सुखाने चरू तरी द्या. पायात रंगीत पट्टी असलेला दिसला तर पट्टीचा रंग आणि अक्षरं टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा, पण त्यासाठी मागे धावू नका.

आक्षी, पुन्हा मी
शनिवारी आक्षीला कधी यावं विचारणाऱ्यांना: त्या दिवशी षष्ठी, म्हणजे साडेचारला भरती, पहाटे आणि दुपारीही. सकाळभर पाणी उतरतच जाणार, पक्षी लांब जातील. दुपारी दोनला या, टोपी आणा, ऊन ऑक्टोबरचं आहे.