घरभर मोबाईलचं नेट वाटलं, तेव्हाचे किस्से

महालातली_माडी: काल आमच्या गल्लीत सिमेंट रोडसाठी जेसीबी आला आणि फायबरची वायर घेऊन गेला. माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावला तशी पोर, सासरे, टीव्ही, सगळे त्याला चिकटले. एकदम २००९ आठवलं. नोकियाचा फोन डेटा केबलने कॉम्प्युटरला, *९९# डायल, विंडोज एक्सपीत इंटरनेट कनेक्शन शेअरिंगवर टिचकी, आणि तिथून लॅनची वायर जिन्यावरून दादाच्या खोलीत. दारात चेपू नये म्हणून आईने तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. पान अर्धं उघडलं की आत्याचा फोन हमखास. टूजीवर कॉल आला की नेट ठप्प. दादा वरून ओरडायचा, "आत्याले सांग नं, लँडलाइनवर कर!" तुमचेही येऊ द्या.

तर्री_जास्त: लँडलाइन होता तं ब्रॉडबँड काहून नाही घेतलं बे?

महालातली_माडी: बे नका म्हणू, ताई म्हणा 😄 बाबांचं एकच, "मोबाईलचे पैसे भरले नं एकदा?"

तर्री_जास्त: सॉरी ताई 🙏

मानेवाडा_रिंगरोड: लॉकडाऊन, मे महिना. रेंज फक्त खिडकीत, तिथेच ऊन. चार्जिंगला लावून हॉटस्पॉट चालू, फोन असा तापला की चार्जिंगच घेईना. मग कूलरसमोर स्टूल, स्टुलावर फोन. थंड झाला, पण ताटीचं पाणी उडून पोर्टमध्ये ओल गेली. साहेब मीटिंगमध्ये विचारून राहिले, हा पाण्याचा आवाज कुठून येतो?

खसवाली_ताटी: यंदा खस लावली का वूडवूल? आमच्या वूडवूलला वास मारून राहिला.

मानेवाडा_रिंगरोड: वूडवूलच. टाकीतलं पाणी बदला आधी.

धरमपेठ_जुनी: मांजर पाडेल म्हणून आजीने चालू हॉटस्पॉटचा फोन स्टीलच्या डब्यात ठेवला, वर घट्ट झाकण. सगळ्यांचं नेट गेलं. मामा पाऊण तास लॅपटॉपच्या सेटिंगा उलट्यापालट्या करत बसला. डबा उघडला तेव्हा फोन गरम, आणि खाली बेसनाचे लाडू. लाडू चांगले होते.

हिंगणा_शिफ्ट: दीड जीबी रोजचा पॅक. सकाळी नाश्ता होईस्तोवर कॉम्प्युटरने अपडेट ओढून संपवला. कॉम्प्युटरच्या वायफाय सेटिंगमध्ये 'मीटर्ड' (म्हणजे नेट मोजकं आहे) करून ठेवा.

इतवारी_किराणा: आमच्या टीव्हीला हॉटस्पॉटचं नावच दिसत नाही. पोराच्या फोनला दिसते.

हिंगणा_शिफ्ट: फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल. २.४ करा, जुन्या टीव्हीला तेवढंच समजते. भिंतीपलीकडेही तेच बरं पोचते.

इतवारी_किराणा: दिसलं 🙏

कामठीकर: मी यूएसबी पोर्टवाल्या जुन्या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीचं फुकट सॉफ्टवेअर) टाकून फोन केबलने जोडला. घरचं वायफायचं नाव-पासवर्ड तेच, प्रिंटरही चालते, कोणाला काही बदलावं लागत नाही. फक्त केबल निघाली की टेदरिंग (केबलने फोनचं नेट देणं) बंद, पुन्हा हाताने चालू करा. आणि दुकानाचा कॅमेरा राऊटरचा पोर्ट (बाहेरून आत यायची नेटची वाट) उघडून बाहेरून पाहायचा होता, ते काही जमलं नाही. मोबाईल कंपनी नेटवरच्या एकाच पत्त्यामागे (आयपी) कितीतरी गिऱ्हाइकं बसवते, आपला पोर्ट उघडून उपयोग शून्य.

तर्री_जास्त: दुकानात कॅमेरा कायले? गिऱ्हाईक तं येऊ दे आधी 😂

महालातली_माडी: वायरवाला उद्या येतो म्हणाला. दळण आणायला निघाले तर सासरे दारातच, "फोन ठेवून जा!" आल्यावर वाचते.