मदत हवी आहे: कंपासच्या चुका आणि थंडीतला अल्टिमीटर

नमस्कार. वैमानिकाच्या थिअरी परीक्षांचा अभ्यास चालू आहे. एअर लॉ म्हणजे निव्वळ पाठांतर, ते उरकलं. विमान उडतं कसं हा भाग आवडीचा, म्हणून जड गेला नाही. दोनच जागी घोडं अडलंय, आणि दोन्हीकडे उत्तर पाठ असूनही कारण कळलेलं नाही.

पहिलं, मॅग्नेटिक कंपास. 'ॲक्सिलरेट नॉर्थ, डिसेलरेट साउथ' (वेग वाढवला की कंपास उत्तरेकडे सरकतो, कमी केला की दक्षिणेकडे) आणि 'अंडरशूट नॉर्थ, ओव्हरशूट साउथ' (उत्तरेवर वळण आधी सोडायचं, दक्षिणेवर उशिरा) झोपेतसुद्धा म्हणेन. पण प्रश्नात दक्षिण गोलार्ध आला की काय उलटं करायचं आणि काय तसंच ठेवायचं, यात दर वेळी गोंधळ होतो. पूर्वेला तोंड करून सरळ चाललेलं विमान, नुसता वेग वाढवला, तर कंपासने उत्तरेकडे वळल्यासारखं का दाखवावं?

दुसरं, अल्टिमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं उपकरण. थंड हवा दाट असते. दाट म्हणजे दाब जास्त. दाब जास्त म्हणजे उपकरणाने उंची कमी दाखवायला हवी ना? पुस्तक म्हणतं, जास्त दाखवतं. मी कुठे चुकते आहे?

जाणकारांनी कृपया सांगावं. सूत्र नको, कारण हवं आहे.

प्रतिसाद १
इतक्या खोलात कशाला जाता? प्रश्न ठरलेल्या साच्याचे असतात. सूत्र लावा, मार्क घ्या, पुढे चला.

प्रतिसाद २
वरच्या सल्ल्याशी असहमत. सूत्र परीक्षेच्या खोलीत घामाबरोबर वाहून जातं.

कंपासपासून सुरू करू. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आडवं नसतं, ध्रुवाकडे जाऊ तसं ते जमिनीत अधिकाधिक तिरकं घुसतं. हा डिप. त्यामुळे उत्तर गोलार्धात चुंबकाचं उत्तर टोक खाली ओढलं जातं. ते फार झुकू नये म्हणून चुंबक टेकूच्या (ज्या टोकावर तो फिरतो त्याच्या) खाली लोंबता ठेवतात. तरीही थोडा झुकाव उरतो आणि गुरुत्वमध्य टेकूच्या किंचित दक्षिणेला सरकतो. सगळ्या भानगडीचं मूळ हेच.

आता पूर्वेला तोंड करा. तुमचा उजवा हात दक्षिणेला, म्हणजे कंपासचं वजनही उजवीकडे. बस सुटली की उभा माणूस मागे कलंडतो, तसं विमान वेग घेताना ते वजन मागे, पश्चिमेकडे राहतं. दक्षिण बाजू पश्चिमेला गेली म्हणजे वरून पाहता चुंबकाला जोडलेली अंशांची तबकडी घड्याळाच्या दिशेने फिरली. नाक पूर्वेलाच आहे, पण कंपासच्या काचेवरच्या खुणेच्या रेषेसमोर आता 090 (म्हणजे पूर्व) पेक्षा लहान आकडा आला. विमान उत्तरेकडे वळल्याचा भास तो हाच.

वळणातही तेच वजन बाहेर फेकलं जातं. उत्तरेकडे तोंड असताना उजवीकडे वळलात तर ते डावीकडे जातं आणि तबकडी विमानाबरोबरच फिरते, म्हणून कंपास मागे पडतो. उत्तरेवर थांबायचं तर कंपासवर उत्तर येण्याआधीच वळण सोडायचं. दक्षिणेला तोंड असताना तेच वजन टेकूच्या पुढे असतं, तबकडी उलटी फिरते आणि कंपास पुढे पळतो.

दक्षिण गोलार्धात झुकणारं टोक दक्षिणेचं, त्यामुळे वजन टेकूच्या उत्तरेला. सगळंच उलटं होतं, तसंच काही राहत नाही. कागदावर एक गोल काढा, टेकूच्या बाजूला वजनाचा एक ठिपका द्या, आणि प्रत्येक प्रश्नात तो ठिपका ढकलून पाहा.

प्रतिसाद ३
अल्टिमीटरचं मी सांगतो. तुमची चूक 'दाट म्हणजे दाब जास्त' इथे आहे. खालचा दाब तुम्ही क्यूएनएच, म्हणजे त्या ठिकाणाने दिलेला समुद्रसपाटीच्या हिशोबाचा दाब, लावून उपकरणाला आधीच सांगितलेला असतो. प्रश्न त्याच्या वरच्या हवेच्या थराचा. थंडीत तो थर आकसतो, म्हणून वर जाताना दाब लवकर उतरतो. उपकरण प्रमाण वातावरणाच्या हिशोबाने चालतं, त्यात समुद्रसपाटीला 15 अंश धरलेले असतात. ठरावीक दाब आला की ते ठरावीक उंची सांगणार. तो दाब थंडीत खालीच भेटतो, म्हणून तुम्ही दाखवलेल्या उंचीपेक्षा खाली असता.

अंदाजाला, प्रमाण तापमानापेक्षा दर 10 अंश थंडीला 4 टक्के. क्यूएनएच देणाऱ्या ठिकाणाहून 3000 फूट वर आहात आणि हवा 20 अंश थंड आहे, तर जवळपास 240 फुटांचा फरक. समोर डोंगर असेल तर ही चूक फक्त मार्कांची राहत नाही. त्या ठिकाणाच्याच उंचीवर मात्र फरक शून्य, हा प्रश्न हमखास विचारतात.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार! ठिपका ढकलून दहा प्रश्न सोडवले, नऊ बरोबर. चुकलेला असा: उत्तरेकडे तोंड, सरळ उड्डाण, वेग वाढवला. मी 'पूर्व' लिहिलं, उत्तर 'चूक नाही' होतं.

प्रतिसाद २
ठिपका कुठे आहे ते बघा. टेकूच्या बरोबर मागे. मागे ढकललेलं वजन टेकूच्या रेषेतच राहिलं, तर तबकडी थोडी तिरपी होईल, फिरणार नाही. तसंच पूर्व-पश्चिम दिशेवरून जाताना वळणाची चूकही शून्य.

आणि विमानात बसाल तेव्हा जायरोची (फिरत्या चाकावर चालणाऱ्या दिशादर्शकाची) दिशा कंपासशी जुळवताना हे आठवा. पंख समतल, वेग स्थिर, आणि मगच जुळवणी. दर 10 ते 15 मिनिटांनी.