जखमी जवानाला रुग्णालयाआधीच रक्त द्यावे का?

गिरणाकाठ, चाळीसगाव
आमच्या तालुक्यातली मुले सैन्यात जातात, म्हणून हा प्रश्न मला घरचा वाटतो. रक्तस्रावाने कोसळलेल्या जवानाला नुसत्या सलाईनवर रुग्णालयापर्यंत नेणे मला मान्य नाही. सलाईनने रक्तदाब तेवढ्यापुरता वर येतो. पण रक्त पातळ होते, शरीर गार पडते आणि रक्त गोठेनासे होते. अफगाणिस्तानातील ५०२ अमेरिकी जखमींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयाआधी रक्त वा प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव भाग) मिळालेल्यांपैकी ५ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी १९ टक्के जखमी २४ तासांत दगावले.

रक्तपेढी तंत्रज्ञ, जळगाव
भाऊ, त्या ५०२ पैकी रक्त मिळालेले अवघे ५५ होते आणि अभ्यास जुन्या नोंदींवरून केलेला होता. ब्रिटनमध्ये हवाई रुग्णवाहिकांतील ४३२ जखमींची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकावी तशी, विभागणी करून एका गटाला लाल पेशी व प्लाझ्मा, तर दुसऱ्याला सलाईन दिले. २०२२ साली आलेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. शिवाय रक्ताची पिशवी २ ते ६ अंशांत ठेवावी लागते. इथे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा पेटीचे झाकण वारंवार उघडले तरी आमचा जीव वरखाली होतो; राजस्थानच्या वाळवंटात ती जबाबदारी कोणावर टाकणार?

गिरणाकाठ, चाळीसगाव
ताई, त्या चाचणीत संपूर्ण रक्त, म्हणजे घटक वेगळे न केलेले रक्त, दिलेच नव्हते, आणि डोंगरातल्या ठाण्यावरून जखमीला खाली आणायला हवामान बिघडले की कित्येक तास लागतात. पिशवी टिकत नसेल, तर कमी प्रतिपिंडे (दुसऱ्या गटाच्या रक्तपेशींवर हल्ला करणारी प्रथिने) असलेल्या ओ गटाच्या सोबत्याचे ताजे रक्त तिथेच घ्यावे. सीमाभागातील सैनिकी वैद्यकीय केंद्रांना रक्त घेण्यासाठी परवान्यातून अटींवर सूटही आहे.

माजी नर्सिंग असिस्टंट, पारोळा
आधी टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, मग रक्त. मांडीतून धार चालू असताना पिशवी लावणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. मात्र पोटात किंवा छातीत रक्तस्राव असेल, तर तिथे पट्टा बांधता येत नाही, आणि अशा जवानासाठी रक्ताची वाट पाहणे परवडत नाही. रक्त गोठू नये म्हणून पिशवीत घातलेल्या सिट्रेटने जखमीच्या रक्तातले कॅल्शियम उतरते, म्हणून सोबत कॅल्शियम आणि रक्त कोमट करण्याचे साधनही हवेच.

रक्तपेढी तंत्रज्ञ, जळगाव
पोटातल्या रक्तस्रावाचा मुद्दा मान्य आहे. सोबत्याच्या रक्ताला मात्र माझी हरकत कायम आहे, कारण प्रत्येक जवानाची प्रतिपिंडे आणि कावीळ, एचआयव्ही यांची तपासणी तुकडी निघण्यापूर्वी झालेली असली पाहिजे, आणि रक्त दिल्यावर तोच जवान लगेच पुन्हा चढणीवर जाता कामा नये.